पौर्णिमेचं सरबत

रे रोड
२८ एप्रिल २०२५

प्रिय आत्या,
जय भीम.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तू दारातच सांगितलं होतंस, "औषधाच्या कंपनीतली नोकरी सोडून दारू गाळणार असशील, तर मी तुझ्याशी बोलणार नाही. फोन उचलणार नाही. लिहायचं असेल तर लिही. शिक्षिका आहे, पत्राला उत्तर देईन." मी तेव्हा रागात होतो. लिहिलं नाही. शिवडी आणि रे रोडच्या मधे एकच स्टेशन आहे, पण वर्षभरात मला ते ओलांडता आलं नाही. म्हणून आज लिहायला बसलो.

बातमी अशी की माझी स्वतःची पहिली बीअर झाली आहे. आमची ब्रुअरी इथे एका जुन्या लाकडाच्या वखारीत आहे. छोटा कारखाना आणि पुढे बसायची जागा. आजवर मालक सांगेल ते करत होतो, या वेळी कृती माझी होती. बेल्जियन पद्धतीची काळी एल. एल हा बीअरचाच एक प्रकार. मस्त झाली आहे.

तुला एक गंमत सांगतो. बेल्जियममध्ये ही एल मठातले ख्रिस्ती साधू बनवत आले आहेत. प्रार्थना करायची, शेती करायची आणि बीअर करायची. म्हणजे हे काही अगदी अधर्माचं काम नाही.

एकच विचारायचं आहे. बुद्धपौर्णिमेला घरी येऊ का? आई मला आठवत नाही, बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. त्यानंतरची प्रत्येक पौर्णिमेची खीर तुझ्या हातची खाल्ली, मागची सोडून. बोलली नाहीस तरी चालेल. खीर खाऊन निघून जाईन.

तुझा
सम्यक


शिवडी
२ मे २०२५

चि. सम्यक,
जय भीम.

पत्र मिळालं. अक्षर बिघडलं आहे.

साधूंचं प्रमाणपत्र मला दाखवू नकोस. साधूंनी जगात काय काय केलं याची यादी मी उघडली तर तुझा कारखाना भरून जाईल. आपण धर्म बदलला तो दुसऱ्या कुणाच्या मठातली सवलत शोधायला नाही. नशा न करण्याचं पाचवं शील मी लहानपणी घेतलं, तूही घेतलंस. त्यात बेल्जियमला सूट दिलेली नाही.

आणि तू ज्या वखारीत काम करतोस ना, तिच्या दारात मी हमाल पडलेले पाहिलेत. पावशेर देशी पिऊन पडले की पोलीस काठीने उठवायचे, आणि पेपरवाले लिहायचे की या वस्त्यांना व्यसन आहे. आज त्याच दारात गाडीतून उतरून लोक पितात, तर दार उघडायला माणूस ठेवलाय, आणि त्या दारूला कला म्हणतात. काच बदलली म्हणून आतली वस्तू बदलते का? गिरण्या बंद पडल्या तेव्हा आमच्या भागात पगार थांबले, शाळा गळायला लागल्या, पण गुत्ता एक दिवस बंद राहिला नाही. मी चाळीस वर्षं त्याविरुद्ध ओरडले. माझा स्वतःचा भाऊ त्यात गेला. तो तुझा बाप होता. हे तुला सांगायची वेळ माझ्यावर येऊ नये.

पौर्णिमेचं म्हणशील, तर नाही. मी खोटं वागू शकत नाही. विहारात बायकांना शील देऊन घरी येऊन दारू करणाऱ्याला खीर वाढायची, हे मला जमणार नाही.

आता दुसरं. मराठीच्या शिक्षिकेच्या घरात वाढलास आणि स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तूबद्दल "मस्त झाली आहे" एवढंच लिहितोस. मस्त म्हणजे काय? रंग कसा, वास कसा, जिभेवर काय होतं? मी ती या जन्मात पिणार नाही. पण ज्या गोष्टीसाठी तू घर सोडलंस ती कशी आहे, हे मला कळायला हवं. नीट लिही. विशेषणं फेकू नकोस.

पत्र पोस्टानेच पाठव. कुणाच्या हाती चिठ्ठ्या देऊ नकोस. चाळीत चिठ्ठी फिरली की माझ्याआधी चौघी वाचतात.

तुझी
आत्या


रे रोड
५ मे २०२५

प्रिय आत्या,

वखारीबद्दल लिहिलंस ते खरं आहे. बाबांमुळे मी या कामात आलो, त्यांना कशाने नेलं ते मला समजून घ्यायचं होतं, असं लिहिलं असतं तर तू कदाचित विरघळली असतीस. पण ते खोटं ठरेल. मला हे काम आवडतं, एवढंच आहे. औषधाच्या कंपनीत मी दिवसभर गोळ्या मोजायच्या मशीनपुढे उभा असायचो. इथे एक जिवंत गोष्ट माझ्या हाताखाली वाढते.

आता चव. तू सांगितल्यावर आज दुपारी एक ग्लास घेऊन वहीपुढे बसलो. जुई होती सोबत. ती आमची लॅब बघते, गिरगावची आहे. मी दर घोटाला थांबून लिहीत होतो, तेव्हा म्हणाली, "आत्याला लिहितोयस की एक्साइजला?"

रंग काळा दिसतो, पण नुसता काळा नाही. खिडकीसमोर धरली तर कडेला लाल दिसते, कोकमाच्या आगळासारखी. वर फेस येतो, चहावरच्या सायीच्या रंगाचा, आणि तो बराच वेळ बसत नाही. नाक जवळ नेलं की आधी केळं. वेलची केळं, सालीवर काळे ठिपके आलेलं. मग लवंग. यात केळंही नाही आणि लवंगही नाही, हे वास यीस्ट आपण होऊन करतं. त्याचंच मला अजून नवल वाटतं.

पहिला घोट घेतला की वाटतं काकवी आहे. आहेच थोडी. तिकडे बीटची काळी साखर घालतात, मी कोल्हापूरची काकवी घातली. पण गोडी जिभेवर थांबत नाही, लगेच आवरते. तिच्या मागून भाकरी येते. तू तव्यावरून उतरवताना करपलेला पापुद्रा सोलून मला द्यायचीस, तो. मग मनुका, जरा खजूर. शेवटी कडवट, मेथीच्या भाजीइतकंही नाही. आणि गिळल्यावर छातीत ऊब. ही ऊब दारूची आहे, सात टक्के. ती तुझ्यापासून लपवत नाही.

जुईचं मत, केळं जरा पुढे पुढे करतंय, अजून दोन आठवडे थांबू. तिचं बरोबर आहे.

एक सुचतंय. रागावू नकोस. यीस्ट घालायच्या आधी हे सगळं नुसतं गोड पाणी असतं. जवाला कोंब आणायचे, भाजायचे, भरडायचे, गरम पाण्यात त्यांचा अर्क काढायचा आणि उकळायचा. तेवढंच. त्यात दारूचा थेंब नसतो, लहान मुलाला द्यावं असं असतं. शुक्रवारी मी हीच एल पुन्हा लावतोय. ते गोड पाणी तुला पाठवू? शील मोडणार नाही आणि माझ्या हातचं काय असतं ते तुला कळेल.

सम्यक


शिवडी
७ मे २०२५

चि. सम्यक,
वर्णन चांगलं आहे. "जिवंत गोष्ट हाताखाली वाढते" हे वाक्य शाळेत असतास तर फळ्यावर लिहिलं असतं.
दारूचा थेंब नसेल, तर पाठव. शेजारी हौसाबाईंच्या दारात ठेव, माझ्या दारात नको. त्या आत आणून देतील. मी बाहेर येणार नाही.
आत्या


रे रोड
९ मे २०२५

प्रिय आत्या,

आज सकाळी पाच लिटरचा निळा कॅन हौसाबाईंच्या दारात ठेवला. एवढं कशाला म्हणशील. हात आखडला नाही एवढंच. तुझ्या खिडकीचा पडदा हलला, ते मी पाहिलं. हातात चिठ्ठी देऊ नकोस म्हणालीस म्हणून हे पोस्टात टाकतोय.

एक लक्षात ठेव. हे फार नाजूक असतं. लगेच फ्रिजमध्ये ठेव आणि उद्यापर्यंत संपव. उरलं तर ओतून दे. बाहेर उन्हाळ्यात राहिलं तर हवेतलं यीस्टही त्यात शिरतं आणि ते आंबायला लागतं. मग ते गोड पाणी राहत नाही.

कसं लागलं ते कळव.

सम्यक


शिवडी
१३ मे २०२५, सकाळ

चि. सम्यक,
जय भीम.

कालची पौर्णिमा फार चांगली झाली. तुला सगळं सांगायचं आहे, म्हणून शाळेतल्यासारखं क्रमाने लिहिते.

शुक्रवारी तुझा कॅन आला. मी आधी चमचाभर घेतलं, मग पेलाभर. काकवी लगेच कळली. भाकरीचा पापुद्राही सापडला. तो मिळाल्यावर मी जरा वेळ ओट्याशी उभी राहिले. केळं आणि लवंग मात्र कुठे दिसली नाहीत. फ्रिजमध्ये खिरीचं दूध होतं, कॅन मावेना, म्हणून ओट्याखाली ठेवला.

काल संध्याकाळी उघडला तर फुस्स आवाज आणि फेस ओटाभर. म्हटलं, पोराने सोडा घातला असेल, हॉटेलातल्या सरबतात असतो तसा. आणि चव घेते तर काय, गोडी उतरलेली, जराशी आंबूस, आणि नाकाशी तुझं केळं, मागून लवंग. शुक्रवारी नव्हती ती सोमवारी आली. वाटलं, लोणच्यासारखं मुरावं लागत असेल.

दर पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर खीर असते आणि ते लाल रंगाचं बाजारी सरबत. मला ते कधीच आवडलं नाही. या वेळी मी सांगितलं, सरबत माझ्याकडून. तुझ्या पाण्यात तेवढंच साधं पाणी घातलं, लिंबू पिळलं आणि स्टीलच्या पेल्यांतून पांढऱ्या साड्यांच्या त्या रांगेत स्वतः वाढलं. वाढताना सांगितलं, "सम्यकने केलंय." वर्षभर कुणी विचारलं की मी सांगायचे, कारखान्यात आहे. काल नाव घेऊन सांगितलं. बायकांनी पुन्हा मागितलं. मी दोन पेले घेतले.

मग बोलायला उभी राहिले. तुला माहीत आहे, पौर्णिमेला मी व्यसनावर बोलते आणि माझा आवाज खालच्या रस्त्यापर्यंत जातो. काल तसं झालं नाही. मी सुरुवात केली, "माझा भाऊ दारूने गेला," आणि पुढचं रोजचं वाक्य आलंच नाही. त्याऐवजी मी म्हटलं, त्याचं नाव रामजी होतं.

आणि मग मी रामजीबद्दलच बोलत राहिले. मी कॉलेजात असताना पहिल्यांदा मैदानात बोलले, तेव्हा तो तेरा-चौदा वर्षांचा होता. भोंगा बांबूला बांधायला तोच चढला होता. खाली उतरून गर्दीच्या पार मागे जाऊन उभा राहिला. मी घाबरून भरभर बोलायला लागले की तो हात वर करायचा. म्हणजे, ताई, हळू, मागे कळत नाही. पुढे कितीतरी वर्षं माझ्या प्रत्येक सभेला तो असाच मागे उभा असायचा. लोक म्हणायचे, कौसल्याबाईंना काय लय आहे. ती लय त्याची होती. हे मी काल पहिल्यांदा कुणासमोर बोलले.

घरी आले तेव्हा फार हलकं वाटत होतं. मी ठरवलं आहे. तू येत्या रविवारी ये. आपण बोलू. तुझं काम मला अजूनही मान्य नाही, पण बोलू.

तुझी
आत्या


शिवडी
१३ मे २०२५, दुपार

सम्यक,

सकाळचं पत्र पेटीत टाकून आले आणि तासाभरात पोस्टमन तुझं नऊ तारखेचं पत्र देऊन गेला. मधे रविवार होता आणि सोमवारी पौर्णिमेची सुट्टी. चार दिवस ते पडून राहिलं.

"आंबायला लागतं. मग ते गोड पाणी राहत नाही." मग काय राहतं, ते लिहायला तुझा हात कचरला. मी लिहिते. दारू राहते. मी विहारात, वैशाखी पौर्णिमेला, बायकांना शील दिलं आणि त्यानंतर माझ्या हाताने दारू वाढली.

मला वासावरून कसं कळलं नाही, असं तू मनात म्हणशील. दारूचा एकच वास मला माहीत आहे. रामजीच्या शर्टाचा. तो वास अंधारात दहा हातांवरून ओळखेन. पण याला भाकरीचा वास होता, केळ्याचा होता. मी त्या वासाला दारू समजू शकले नाही.

माझ्या दोन प्रश्नांची उत्तरं दे. दिलगिरी नको, हिशेब दे. त्या पेल्यात किती दारू होती? आणि दुसरं. काल रामजीबद्दल मी बोलले, की तुझं ते पाणी बोललं? चाळीस वर्षांत जे तोंडून निघालं नाही ते नेमकं कालच निघालं. दारूने ते काढलं असेल, तर ते मला नको. मग त्याचं नाव मी यापुढे कुठेच घेणार नाही.

रविवारी येऊ नकोस.

आत्या


रे रोड
१६ मे २०२५

प्रिय आत्या,

दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली. आधी सकाळचं वाचलं. जुईला वाचून दाखवत होतो. कॅन उघडल्यावर फुस्स आवाज झाला, इथवर आलो आणि तिने विचारलं, "कोपऱ्यातला निळा कॅन दिलास तू?" मी हो म्हटलं. त्या कॅनमधून आम्ही यीस्ट आणतो. मी तो उकळत्या पाण्याने धुतला होता, पण त्याच्या नळाच्या आत रबराची चकती असते, तिथे ते राहिलं असणार. म्हणजे नुसतं हवेतलं यीस्ट नव्हतं, माझंच होतं. म्हणून तुला केळं आणि लवंग सापडली. मी इथे जी बनवतो, ती तू तीन दिवसांत ओट्याखाली बनवलीस.

चूक माझी. तुझी यात काहीच नाही. म्हणशील तर विहारात येऊन सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो.

आता हिशेब. त्या उकाड्यात तीन दिवस, म्हणजे जास्तीत जास्त चार टक्के. ते मी बसून दोनदा काढलं, जुईने वेगळं काढलं, तिचंही तेवढंच आलं. तू निम्मं पाणी घातलंस, म्हणजे दोन. विहारातले पेले मला माहीत आहेत, चहाचे छोटे. एका पेल्यात अर्धा चमचाही दारू नव्हती. तू दोन घेतलेस, तर चमच्याच्या आतच. खिरीवर, भरल्या पोटी. आत्या, एवढ्याने माणसाचा हातही गरम होत नाही. एवढ्याने चाळीस वर्षांचं काही सुटत नाही. मी पगार घेतो तो याच गोष्टी सांगण्याचा, आणि या बाबतीत तुझ्याशी मी खोटं बोलणार नाही. बोललीस ती तू.

दुसरं एक लिहितो. बाबा हात वर करायचे हे मला माहीत नव्हतं. तुझी भाषणं मी स्टेजजवळ मांडी घालून ऐकत मोठा झालो. त्यांत बाबा यायचे ते मरण्यापुरते. "माझा भाऊ दारूने गेला." पुढच्या वाक्यात तू सरकारकडे वळायचीस. लोक टाळ्या वाजवायचे आणि मी इकडे तिकडे बघायचो, की माझ्याकडे कुणी बघतंय का. मला त्यांचा चेहरा फोटोतला आठवतो. आवाज आठवत नाही. तू म्हणतेस तो शर्टाचा वास तेवढा आठवतो. आणि आता एवढं कळलं, की ते मागे उभे राहून हात वर करायचे. ते पान मी परत परत वाचतोय.

त्यांचं नाव घेणं बंद करू नकोस. मी येईन न येईन, ते राहू दे बाजूला.

सम्यक


शिवडी
२५ मे २०२५

चि. सम्यक,
जय भीम.

काल सगळ्या बायकांना विहारात बोलावलं आणि सांगितलं. तू येऊन उभा राहायची गरज नव्हती. वाढलं मी होतं. सरळ सांगितलं, पौर्णिमेला जे प्यायलात ते सरबत नव्हतं, आंबलेलं होतं, त्यात दारू होती, मला माहीत नव्हतं, पण महिला मंडळाची अध्यक्ष मी आहे.

हौसाबाई म्हणाल्या, "मला माहीत होतं की, बाई."

मी म्हटलं, काय माहीत होतं?

"माझा नवरा तीस वर्षं प्यायला. मला कळणार नाही होय? मी ओठाला लावलं आणि खिडकीतल्या कुंडीत ओतलं. तुमच्या समोरच ओतलं, तुमचं लक्ष नव्हतं."

"मग तेव्हाच बोलायचं होतं ना, हौसाबाई."

"काय बोलणार? मला वाटलं तुम्ही मुद्दाम आणलंय. पोराला माफ केलं म्हणून. वर्षभर पोराचं नाव नाही तोंडात, आणि एकदम 'सम्यकने केलंय, सम्यकने केलंय' करत रांगेतून फिरताय. त्यात मी म्हणू, की बाई, थांबा, ही दारू आहे?"

आधी एक हसली, मग सगळ्या. एक म्हणाली, तरीच त्या रात्री माझा गुडघा दुखला नाही. दुसरी म्हणाली, तुझ्या गुडघ्याला पण शील द्यायला पाहिजे. मी रागावणार होते. जमलं नाही. मग आम्ही सगळ्यांनी हात जोडून पुन्हा पाचही शीलं घेतली, पाचवं जरा सावकाश.

तुझा हिशेब वाचला. तू सांगतोस म्हणून माझा त्यावर विश्वास आहे. पण विश्वास ठेवून समाधान मानणारी मी नाही. तूही प्रयोग केल्याशिवाय काही मान्य करत नाहीस. ज्येष्ठ पौर्णिमेला मी पुन्हा बोलायला उभी राहीन. पेल्यात नळाचं पाणी असेल. रामजीबद्दल बोलता आलं, तर ते माझं. नाही आलं, तर मला कळेल की ते कुणाचं होतं.

"तुझ्या भाषणांत बाबा यायचे ते मरण्यापुरते." हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं नसतं. पण ते पुसताही येत नाही.

तोवर पत्र पाठवू नकोस. आणि त्या दिवशी येऊ नकोस. तू समोर असलास तर मी तुझ्यासाठी बोलेन.

आत्या


शिवडी
१२ जून २०२५

चि. सम्यक,
जय भीम.

काल उभी राहिले. पाणी प्यायले होते, तेही घोटभर.

मला बोलता आलं नाही.

"माझा भाऊ" इथपर्यंत आले आणि पुढे "दारूने गेला" हेच येत होतं. तेवढा रस्ता माझ्या जिभेला पाठ आहे. दुसरा नाही. मी थांबले. इतकी वर्षं हजारो माणसांपुढे उभी राहिले, कधी थांबले नव्हते. वाटलं, झालं, उत्तर मिळालं. दारूच बोलली होती. खाली बसायला लागले.

तेव्हा हौसाबाईंनी मांडी न हलवता विचारलं, "रामजीला खायला काय आवडायचं?"

कुणी असं विचारलंच नव्हतं मला कधी. मी म्हटलं, सुकट. कांदा घालून, लाल. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही करायचात की तो?" मी म्हटलं, तोच करायचा. माझी सुकट चिकट व्हायची, तो मला ओट्यापासून ढकलून द्यायचा. आणि मग मी बोलत होते. सभेतला आवाज नव्हता, दारात बसून बोलतात तसा होता. तो गोदीत कामाला लागला त्याची गोष्ट सांगितली. पहिल्या पगारात त्याने मला चपला आणल्या, दोन्ही डाव्या पायाच्या. मी हसले, बायका हसल्या. तू जन्मलास तेव्हा त्याने चाळीत गूळ वाटला, तो वाटता वाटता अर्धा स्वतःच खाल्ला.

मी संपवलं तेव्हा मागून एकीने आपल्या मुलाचं सांगायला सुरुवात केली. मग दुसरीने दिराचं. आमच्यात अशी एकही बाई नाही जिच्या घरातलं कुणी त्यात गेलं नाही, आणि ते सगळे पुरुष इतकी वर्षं माझ्या भाषणांत आकडा म्हणून बसले होते. काल त्यांना नावं मिळाली. वंदना संपून दीड तास झाला तरी कुणी उठेना.

म्हणजे तुझा हिशेब बरोबर होता. दारूने काही काढलं नव्हतं. पण माझंही बरोबर नव्हतं. मला वाटत होतं, बोलायला मोठा आवाज लागतो. काल कळलं, समोरचीने विचारावं लागतं, एवढंच. त्या पहिल्या पौर्णिमेलाही मी तुझं नाव घेत घेत रांगेतून गेले होते, तेवढ्यानेच मला पुढचं सुचलं असेल.

तू मला रामजीबद्दल कधी विचारलं नाहीस, कारण मी तुला विचारू दिलं नाही. तू काही विचारायला तोंड उघडलंस की मी भाषण करायचे.

मी शील सोडलेलं नाही आणि सोडणार नाही. तुझी एल, काळी असो, लाल असो, या घरात येणार नाही, आणि गोड पाणीही नको, ते पुरे झालं. पण तू ये. रविवारी दुपारी जेवायला ये. फोन करू नकोस, मी उचलला तर आपलं बोलणं तिथेच होऊन जाईल. जुईला आणायचं असेल तर पुढच्या वेळी. या वेळी एकटा.

मी काहीही ठरवून ठेवलेलं नाही. तू विचार.

तुझी
आत्या


रे रोड
१४ जून २०२५

प्रिय आत्या,

हे कार्ड तुला सोमवारी मिळेल. तेव्हा मी येऊन, जेवून परत गेलेला असेन.

तरी लिहून पोस्टात टाकतोय, कारण तुझ्यासमोर बसलो की मी सुकटीबद्दल विचारेन, चपलांबद्दल विचारेन आणि जे विचारायचं ते राहूनच जाईल. मी ते रविवारी विचारलं असेल तर हे फाडून टाक. नसेल विचारलं तर उत्तर लिही, किंवा फोन कर. आता मी तुझा फोन कधीही उचलेन.

बाबा मला काय म्हणून हाक मारायचे?

सम्यक